प्रश्नावलीतील ‘होय’चे रकाने

२०१९च्या शरद ऋतूत आमच्या काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाकडून टपालाने आठ पानांची एक प्रश्नावली आली. आम्ही अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, सेलम शहराच्या पूर्वेला, कॅस्केड पर्वतरांगेच्या पायथ्याशी राहतो. काउंटी म्हणजे साधारणपणे जिल्ह्यासारखे प्रशासकीय एकक. त्यातला आमचा भाग कुरणे, फर वृक्षांची दाट जंगले आणि एकमेकांना हाक ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर असलेली घरे यांचा आहे. प्रश्नावलीचा विषय होता नैसर्गिक आपत्तींचा धोका आणि कुटुंबाची पूर्वतयारी. जेवणाच्या टेबलाशी बसून मी ती दहा मिनिटांत भरून टाकली. पाणी साठवले आहे का? होय. विजेरी आणि बॅटऱ्या आहेत का? होय. भूकंपाचा विमा आहे का? होय, कारण घराचा विमा होता आणि त्यात सारे आलेच असणार असे मी गृहीत धरले होते. घर पायाला बोल्टने जखडलेले आहे का? याही प्रश्नाला मी होय लिहिले, आणि माझ्याजवळ त्याचा पुरावा एवढाच होता की १९५१ साली बांधलेले ते घर अजून उभे होते. तयारीविषयीच्या चौदा प्रश्नांपैकी अकरा प्रश्नांना मी ‘होय’ लिहिले, भरलेल्या पानांची फोनवर छायाचित्रे काढून ठेवली आणि पाकीट टपालपेटीत टाकले.

पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, तीच प्रश्नावली थोड्याफार फरकाने पुन्हा आली, तेव्हा माझ्या ‘होय’ची संख्या अकरावरून नऊवर आली होती. मधल्या काळात आम्ही घराच्या तयारीवर जितका वेळ, श्रम आणि पैसा खर्च केला, तितका त्याआधी कधीही केला नव्हता. तयारी वाढली असताना ‘होय’ कमी कसे झाले, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

ही प्रश्नावली काही कुणा अधिकाऱ्याच्या हौसेखातर निघत नाही. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्यानुसार, फेमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेकडून ठरावीक प्रकारचा निवारण निधी हवा असेल, तर स्थानिक शासनाजवळ फेमाने मंजूर केलेला निवारण आराखडा असावा लागतो, तो दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो आणि तो करताना रहिवाशांना सहभागी करून घेतल्याचे दाखवावे लागते. ओढ्यावरचा पूल उंच करणे, रस्त्याखालची अरुंद मोरी बदलणे अशी कामे या आराखड्यात नोंदवलेली नसतील तर त्यांना निधी मिळण्याची वाट अवघड होते. त्यामुळे प्रश्नावलीमागोमाग एक जाहीर बैठकही झाली. ती फेब्रुवारी २०२०मध्ये आमच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या इमारतीत, दोन बंबांच्या मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून घेण्यात आली. वीसेक माणसे होती आणि त्यांतील निम्मी तरी त्याच दलाचे स्वयंसेवक असावीत.

त्या बैठकीत मला पहिला धक्का बसला तो भूकंपाचा. मला पूर आणि बर्फ हे धोके ठाऊक होते. ते डोळ्यांना दिसतात. पण आराखड्यातल्या धोक्यांच्या क्रमवारीत भूकंप अगदी वर होता. उत्तर कॅलिफोर्नियापासून व्हँकुव्हर बेटापर्यंत एक हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा कॅस्केडिया नावाचा पट्टा समुद्रतळाखाली पसरलेला आहे, तेथे हुआन दे फुका हे भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकत आहे, आणि त्या संपूर्ण पट्ट्याचा शेवटचा मोठा भूकंप २६ जानेवारी १७०० रोजी रात्री झाला. तारीख इतकी नेमकी कशी कळली, ही कथा मला फार आवडली. किनाऱ्यालगतची जमीन एकदम खचून खाऱ्या पाण्याने मेलेल्या झाडांच्या वाढीची वलये मोजली, तेव्हा ती झाडे १६९९-१७००च्या हिवाळ्यात मेल्याचे निघाले. आणि जपानमधील नोंदींत त्याच जानेवारीत, जमीन हादरली नसतानाही किनाऱ्यावर येऊन धडकलेल्या सुनामीचा उल्लेख होता. जपानच्या किनाऱ्यावर लाट कधी पोहोचली हे माहीत असल्यामुळे ती येथून कधी निघाली हे मागे मोजत जाता आले. या भूकंपाची तीव्रता सुमारे ९ होती असे मानले जाते.

हे ऐकताना मला १९९३ साल आठवल्याशिवाय राहिले नाही. त्या वर्षी २० सप्टेंबरला ऑरेगनच्या दक्षिणेकडील क्लॅमथ फॉल्स येथे ५.९ आणि ६.० तीव्रतेचे दोन भूकंप झाले आणि दोन माणसे दगावली. दहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाची खोली, खडक, वस्तीची दाटी यांत फरक असतो हे मान्य. पण किल्लारी परिसरात माणसे प्रामुख्याने दगड-मातीच्या जाड भिंतींखाली चिरडली गेली, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. धोका जमिनीत असतो तितकाच घरात असतो, हे मला माहीत होते आणि तरीही स्वतःच्या घराच्या पायाविषयी मी न पाहता ‘होय’ लिहिले होते.

बैठकीच्या शेवटी अधिकाऱ्यांनी राज्याच्या २०१३च्या पुनर्प्राप्ती आराखड्यातले काही अंदाज वाचून दाखवले: कॅस्केडियाचा मोठा भूकंप आजच्या स्थितीत झाला, तर आमच्या विलामेट खोऱ्यात वीज परत येण्यास एक ते तीन महिने आणि पिण्याच्या पाण्याच्या व सांडपाण्याच्या व्यवस्था सुरळीत होण्यास एक महिना ते एक वर्ष लागू शकते. पूर्वी तीन दिवसांचे साहित्य घरात ठेवा असे सांगितले जाई; ऑरेगनमध्ये आता दोन आठवडे स्वतःच्या बळावर काढता आले पाहिजेत असे सांगितले जाते, ते याचमुळे. मग त्यांनी विचारले, “तुमच्यापैकी कितीजणांनी पाण्याच्या प्रश्नाला ‘होय’ लिहिले?” बहुतेकांनी हात वर केले. “किती दिवसांचे?” सगळे हात, माझ्यासह, हळूहळू खाली आले. आमच्या घरात प्यायच्या पाण्याच्या बाटल्यांचा एक अर्धा खोका होता.

एवढे होऊनही मी घरी येऊन काही केले असे नाही. मार्चमध्ये महासाथ आली आणि आमची तयारी दुसऱ्याच दिशेने गेली. मग सप्टेंबर आला.

७ सप्टेंबर २०२०च्या सोमवारी संध्याकाळी पर्वतावरून पूर्वेचे कोरडे वारे सुटले. त्या आठवड्यात ऑरेगनमध्ये दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र वणव्यांत जळाले आणि चार हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. सँटियम नदीच्या खोऱ्यातली अख्खी गावे त्यांत होती आणि ते खोरे आमच्यापासून दूर नाही. येथे स्थलांतराच्या तीन पातळ्या असतात: पहिली तयार राहण्याची, दुसरी कोणत्याही क्षणी निघता येईल अशा बेतात असण्याची, आणि तिसरी म्हणजे तत्काळ निघण्याची. आमच्या भागाला रात्री दुसरी पातळी लागू झाली आणि आम्हाला ते कळले नाही. फोनवर इशारा यावा म्हणून काउंटीच्या यंत्रणेत आपला क्रमांक आणि पत्ता नोंदवावा लागतो, ही गोष्ट प्रश्नावलीच्या तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेली होती. मी त्या पानावर ‘इशारा फोनवर मिळावा’ या पसंतीपुढे खूण केली होती आणि नोंदणी मात्र केली नव्हती. रात्री दीड वाजता ओढ्यापलीकडचे शेजारी, तेव्हा सत्तरीला आलेले आणि एकटे राहणारे गृहस्थ, दार ठोठावून आम्हाला उठवायला आले.

याच राज्याच्या पूर्व भागात हेपनर नावाचे छोटे गाव आहे. १४ जून १९०३ रोजी ढगफुटीमुळे विलो क्रीकला अचानक पूर आला आणि त्या गावातली सुमारे अडीचशे माणसे वाहून गेली. तेव्हा तेथून दोन घोडेस्वार खालच्या लेक्सिंग्टन आणि आयोन या गावांना सावध करण्यासाठी दौडत गेले होते. एकशे सतरा वर्षांनी, खिशात फोन असताना, मलाही इशारा मिळाला तो दारावरच्या मुठीच्या आवाजानेच.

आम्ही चौघे होतो: मी, माझे पती, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. वीस मिनिटांत गाडीत जे भरले त्यात जुने फोटोंचे अल्बम होते, मुलीचे व्हायोलिन होते, पासपोर्ट होते; सासूबाईंचे इन्सुलिन फ्रिजच्या दारातच राहिले. हे लक्षात आले तेव्हा आम्ही पूल ओलांडून मोटारींच्या रांगेत उभे होतो आणि मागे वळणे शक्य नव्हते. “मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गं,” एवढेच सासूबाई म्हणाल्या, आणि ते खरे होते: त्यांना काय न्यायचे हे आम्ही दोघांपैकी कोणीच विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सेलममध्ये औषधाची सोय झाली, पण त्यासाठी अर्धा दिवस आणि तीन दुकाने लागली. नऊ दिवसांनी परतलो, तेव्हा घर शाबूत होते. गच्च भरलेल्या पन्हळींत फर वृक्षांची वाळकी, सुईसारखी पाने आणि त्यांवर राखेचा थर होता. त्यात एक जिवंत ठिणगी पडली असती तर पुढचे वेगळे सांगायला नको. वणव्यात बरीच घरे ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, तर वाऱ्यावर पुढे उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, हे अग्निशमन दलातल्या एका स्वयंसेविकेने मला नंतर त्या पन्हळीकडे बोट दाखवून समजावले.

नोव्हेंबरमध्ये मी प्रश्नावलीची ती जुनी छायाचित्रे छापून काढली आणि ठरवले की प्रत्येक ‘होय’ तपासून पाहायचा. त्यासाठी आम्ही एक साधी परीक्षा ठरवली. एका शनिवारी सकाळी सहाला मेन स्विच बंद करायचा आणि रविवारी सकाळी सहापर्यंत चालू करायचा नाही. दुकानात जायचे नाही. घरात जे आहे त्यावर राहायचे.

पहिला तास मुलीला फार मजेचा वाटला. साडेसातच्या सुमारास नळातली धार बारीक झाली आणि थांबली. आमचे पाणी खासगी बोअरचे आहे. पंप जमिनीखाली खोल आहे आणि तो विजेवर चालतो. दाबाच्या टाकीत उरलेले काही लिटर पाणी संपले की वीज नसलेले घर हे पाणी नसलेले घर होते. हे वाक्य लिहिताना इतके उघड वाटते की संकोच होतो, पण सात वर्षे त्या घरात राहून आम्ही वीज आणि पाणी यांची दोन वेगळी काळजी करत होतो. शौचालयाची टाकी एकदा रिकामी झाली की बादलीने भरावी लागते, आणि बादलीत ओतायला पाणी नव्हते. नऊच्या सुमारास पती गाडी बाहेर काढायला गेले तेव्हा गॅरेजचे दार उघडेना, कारण ते विजेच्या मोटरीवर चालते. वरून लोंबणारी लाल दोरी ओढली की मोटर सुटते आणि दार हाताने उचलता येते, हे शोधून काढायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली. सप्टेंबरच्या त्या रात्री वीज गेली असती तर आम्ही गॅरेजमध्येच अडकलो असतो, हा विचार दोघांच्याही मनात एकदमच आला असावा, कारण कोणी काही बोलले नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. तीनपैकी दोन विजेऱ्यांत बॅटऱ्या पाझरून गंज चढला होता. डबाबंद अन्न भरपूर होते आणि डबे उघडण्याचे यंत्र विजेचे होते. बिनतारी टेलिफोन बंद पडला. प्रथमोपचाराच्या पेटीतली मलमे मुदत संपलेली होती आणि माझ्या प्रथमोपचार प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही. लाकडांची शेगडी मात्र उत्तम चालली. रविवारी सकाळी मी नव्या प्रतीवर प्रश्नावली पुन्हा भरली. यावेळी चौदांपैकी चार ‘होय’ झाले.

पाण्यापासून सुरुवात केली, कारण बाकी सगळे त्यानंतर येते. येथे माणशी रोज एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर, पाणी धरतात. चार माणसांना चौदा दिवसांसाठी ५६ गॅलन, म्हणजे सुमारे २१२ लिटर झाले. हा आकडा पाहून आधी खचायला होते. पण पाणी तापवण्याच्या टाकीत पन्नास गॅलन पिण्यायोग्य पाणी कायम भरलेले असते, हे मला तोपर्यंत सुचले नव्हते. अडचण अशी की भूकंपात ती उभी, जड टाकी कलंडू शकते, मग नळ्या तुटतात आणि साठा जमिनीवर वाहून जातो. म्हणून धातूच्या दोन पट्ट्यांनी ती भिंतीच्या लाकडी खांबांना आवळून बांधली. काम दोन तासांचे होते आणि एवढ्या कमी खर्चात एवढा मोठा फायदा देणारी दुसरी गोष्ट मी तरी पाहिली नाही. टाकीचे पाणी वापरताना आधी तिची वीज वा गॅस बंद करायचा आणि आत येणारी तोटी बंद करायची, हे कागदावर लिहून टाकीवरच चिकटवले. त्याशिवाय सात गॅलनचे चार डबे भरून ठेवले. शंकास्पद पाण्यासाठी साधे, सुगंध नसलेले ६ टक्क्यांचे ब्लीच ठेवले आहे: स्वच्छ दिसणाऱ्या एका गॅलनला आठ थेंब, आणि अर्धा तास थांबायचे.

जनरेटर घेण्याबद्दल घरात मतभेद होते. माझे म्हणणे होते की जनरेटर नीट हाताळला नाही तर आपत्तीपेक्षा तोच जीव घेईल. तो घरात किंवा गॅरेजमध्ये चालवला तर कार्बन मोनॉक्साइडने माणसे झोपेतच जातात. तो घरापासून किमान वीस फूट दूर, दारे-खिडक्यांकडे धूर येणार नाही असा ठेवावा लागतो. भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी वायर जोडून घर चालवणारे महाभागही असतात. तसे केल्यास वीज बाहेरच्या तारांत जाते आणि दुरुस्तीला आलेल्या कर्मचाऱ्याचा बळी जाऊ शकतो. शेवटी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून घराला स्वतंत्र बदल-स्विच (बाहेरच्या तारा आणि जनरेटर एकाच वेळी घराला जोडू न देणारा) बसवून घेतला, शयनगृहांबाहेर कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रे लावली आणि मगच जनरेटर आणला.

औषधाचा प्रश्न सर्वांत चिवट निघाला. इन्सुलिनची वापरात असलेली कुपी साधारण १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात २८ दिवसांपर्यंत चालते, त्यामुळे फ्रिज बंद पडला म्हणून लगेच अनर्थ होत नाही, हे औषधविक्रेत्याने सांगितल्यावर सासूबाईंचा जीव थोडा भांड्यात पडला. पण जास्तीचा साठा करू म्हटले तर आरोग्य विमा ठरावीक मुदतीपूर्वी औषध पुन्हा देऊ देत नाही. ‘दोन आठवड्यांची औषधे जादा ठेवा’ असा सल्ला देणारे आणि ती ठेवू न देणारे, दोघेही आपापल्या जागी नियमाने वागत असतात. मध्ये माणूस असतो. डॉक्टरांकडून तीन महिन्यांचे औषधपत्र घेऊन, प्रत्येक वेळी मिळेल त्या पहिल्या दिवशी औषध आणून आम्ही हळूहळू आठ-नऊ दिवसांची आघाडी मिळवली. चौदा दिवस अजून झालेले नाहीत.

११ फेब्रुवारी २०२१पासून विलामेट खोऱ्यात बर्फाळ पावसाचे मोठे वादळ आले. पडणारा पाऊस फांद्यांवर आणि तारांवर गोठत जातो, आणि मग रात्रभर जंगलातून बंदुकीच्या बारासारखे आवाज येत राहतात. आमची वीज सहा दिवस गेली. नोव्हेंबरमधल्या त्या एका दिवसाने किती शिकवले होते ते तेव्हा कळले. आणि काय शिकवायचे राहिले होते तेही. पेट्रोल आम्ही तीन दिवसांचेच ठेवले होते, आणि जनरेटर दिवसभर चालवायचा नसतो हे आम्हाला उशिरा उमगले: सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास चालवून फ्रिज गार ठेवता येतो, पंप चालवून डबे भरता येतात, आणि फोन चार्ज होतात. तिसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्यांकडे चक्कर टाकली, तर त्यांच्या अंगणात जुन्या उथळ विहिरीवर बसवलेला हातपंप व्यवस्थित चालू होता. त्यांच्याकडे पाणी होते आणि वीज नव्हती. आमच्याकडे थोडी वीज होती. उरलेले दिवस आम्ही ही देवघेव केली.

त्यांनीच मला आपल्या गोठ्याच्या खांबावरची खूण दाखवली. डिसेंबर १९६४मध्ये, गोठलेल्या जमिनीवर आणि साचलेल्या बर्फावर उबदार पाऊस कोसळला, बर्फ एकदम वितळले आणि या सबंध भागाला ‘नाताळचा पूर’ म्हणून ओळखला जाणारा पूर आला. ते तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि वडिलांनी खिळ्याने पाण्याची रेघ कोरून ठेवली होती. फेमाच्या पूर नकाशात आमचे घर जास्त धोक्याच्या क्षेत्राबाहेर आहे. पण त्या रेघेच्या पातळीवर नजर ठेवून ओढ्यापलीकडे पाहिले तर ती आमच्या ओसरीच्या दुसऱ्या पायरीला लागते. नकाशा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. त्याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी एक टक्का शक्यता असा आहे, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती साठत साठत २६ टक्के होते. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही आणि भूकंपही येत नाही, हे मी पॉलिसी उघडून प्रथमच वाचले. १९६८पासून चालत आलेल्या राष्ट्रीय पूर विमा योजनेतून आम्ही वेगळा विमा घेतला. तो साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे पावसाचा अंदाज ऐकून तो घेण्यात अर्थ नसतो.

भूकंप विमा आम्ही विचारपूर्वक घेतला नाही. त्यात नुकसानीचा पहिला मोठा वाटा, बहुधा विमा रकमेच्या दहा ते वीस टक्के, स्वतः सोसावा लागतो. तितक्या पैशांत घरच मजबूत का करू नये, असा आमचा हिशेब होता. इतरांचा वेगळा निघू शकतो. या निमित्ताने मी पहिल्यांदा घराखालच्या दोन फुटी पोकळीत, कपाळाला दिवा बांधून, पोटावर सरपटत शिरले. काँक्रीटच्या पायावर आडवी लाकडी तुळई टेकलेली होती आणि तिच्यावर सगळे घर. बोल्ट एकही नव्हता. सत्तर वर्षे ते घर नुसत्या वजनाने बसून होते. आडवा हिसका बसला असता तर पायावरून घसरून खाली आले असते. येथे जुन्या घरांत हे सर्रास आढळते. २०२२च्या उन्हाळ्यात कंत्राटदाराकडून तुळई पायाला बोल्टने जखडून घेतली आणि पोकळीतल्या बुटक्या भिंतींना प्लायवूड ठोकून घेतले. त्यासाठी आम्ही ठरवलेली मोठी सहल रद्द केली, हे मुलगी अजून ऐकवते.

बाहेरचे काम दरवर्षी पुन्हा करावे लागते. भिंतीपासून पाच फुटांच्या पट्ट्यात आता झुडूप नाही, लाकडाची रास नाही, नुसती खडी आहे. पोटमाळ्याच्या झरोक्यांना एक अष्टमांश इंचाची धातूची जाळी आहे. पन्हळी जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये साफ होतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणूनच ते राहून जात असावे.

२०२४ची प्रश्नावली भरायला मला दोन संध्याकाळी लागल्या. नऊ ‘होय’ आणि पाच ‘नाही’: भूकंप विमा नाही, चौदा दिवसांची औषधे नाहीत, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र अजून नव्याने घेतलेले नाही, पुस्तकांची कपाटे भिंतीला जखडली आहेत पण मुलीच्या खोलीतली राहिली आहेत, आणि घर सोडण्याची तालीम त्या वर्षी केलेली नव्हती. २०१९मध्ये या पाचांपैकी चारांपुढे मी ‘होय’ लिहिले होते. काउंटीच्या अहवालात सरासरी काढली जाईल तेव्हा आमचे घर पाच वर्षांत मागे गेलेले दिसेल. बैठकीत मी हे सांगितले आणि ‘होय–नाही’ऐवजी ‘किती दिवस’ असा रकाना ठेवावा असे सुचवले. त्यांनी लिहून घेतले.

सातव्या पानावर एक प्रश्न होता: स्थलांतराच्या वेळी विशेष मदत लागेल अशा कुटुंबातल्या व्यक्ती किती? पहिल्या वेळी मी शून्य लिहिले होते, सासूबाई घरात असताना. यावेळी दोन लिहिले. शेजाऱ्यांना गेल्या वर्षापासून घरी प्राणवायूचे यंत्र लागते आणि ते विजेवर चालते. वीज गेली की मुलगी आणि मी त्यांना आमच्या जनरेटरपाशी आणायचे, आणि निघण्याची वेळ आलीच तर गाडीत पुढची जागा त्यांची, असे ठरले आहे. त्यांच्या पाण्याचे चौदा गॅलनही आमच्या हिशेबात धरले आहेत.

आठवड्याभराने कार्यालयातून एका तरुण कर्मचाऱ्याचा फोन आला. अर्जावर नाव आणि क्रमांक देणे ऐच्छिक होते, मी दिला होता. कुटुंबात माणसे चार लिहिली आहेत आणि पाण्याचा हिशेब पाच जणांचा आहे, यात लिहिताना काही चूक झाली आहे का, असे त्याने विचारले. चूक नाही, असे मी सांगितले, आणि त्याला ओढ्यापलीकडच्या घराचा पत्ता दिला.